इथं डोंगरच नव्हता

आमच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कपाटांवर दगड, टेबलांखाली दगड, जिन्याखाली गोणीत भरलेले दगड. किश्शांचंही तसंच झालंय. एक ओढायला जावं तर त्याच्यामागचे चार गडगडत अंगावर येतात. पनवेलच्या कॉलेजात उभा जन्म शिकवण्यात घालवल्यावर दुसरं काय होणार? फरक एवढाच, की पूर्वी हे किस्से सांगताना मी हसायचे. हल्ली सांगता सांगता आवाज चढतो आणि घरचे म्हणतात, "हळू बोल, बीपी वाढेल."

वाढू दे. चिडण्यासारख्या गोष्टीवर चिडायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

•

लग्नात, बारशात, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही मी जिऑलॉजी शिकवते असं कळलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. "अरे वा! मग आमच्या ओट्याला कुठला ग्रॅनाइट घालू?" माझं तोंड त्या वेळी डॉक्टरांनी उघडून ठेवलेलं असतं म्हणून ते वाचतात.

हे बाहेरचे. आतले काय कमी आहेत? एकदा प्राचार्य एका पाहुण्यांना घेऊन डिपार्टमेंटला आले आणि ओळख करून दिली, "हे आमचे दगडवाले." आमचे हेड सावंत सर यावर मनापासून हसले. मी तेव्हा मुलांना मायक्रोस्कोपखाली पायरॉक्सीन दाखवत होते. पाहुण्यांनीही डोळा लावला, रंग बघून खूश झाले आणि विचारलं, "याचा उपयोग काय?"

मी सांगितलं. जमिनीच्या पोटातला वितळलेला दगड, म्हणजे मॅग्मा, निवायला लागला की त्यात काळे-हिरवट स्फटिक धरायला लागतात. तेच पायरॉक्सीन. स्फटिक मधून कडेकडे वाढत जातो. सुरुवातीला त्यात मॅग्नेशियम जास्त जातं, मागाहून लोखंड वाढत जातं. चकल्या तळताना पहिल्या घाण्यातली आणि शेवटच्या घाण्यातली चकली शेजारी ठेवली, तर कुठली आधीची हे रंगावरून कोणीही सांगेल. तसंच हे. मधल्या भागापासून कडेपर्यंत एकेक ठिपका तपासत गेलं, की मॅग्मा साधारण किती गरम होता, किती खोलवर मुरत पडला होता, मध्येच कुठून नवा येऊन मिसळला का, याचा माग लागतो. थोडक्यात, दगड मूळचा कुठला ते कळतं.

पाहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे दगडांचं ज्योतिष."

सावंत सर पुन्हा हसले. मी मुलांना सुट्टी दिली आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

•

आम्हा लोकांना एक सवय असते. दगड धुळकट असला की आम्ही तो चाटतो. हसू नका, जगभर चाटतात. पृष्ठभाग ओला झाला की स्फटिक चमकतात आणि भिंग लावून दिसतात. बाटलीतलं पाणी उन्हात प्यायला ठेवायचं असतं, जीभ फुकट असते.

सावंत सर मुलांना घेऊन तळोज्याला फील्ड ट्रिपला गेले होते, मीही होते. नाल्याच्या काठावर सरांना एक छान काळा दगड दिसला. उचलला आणि मुलांसमोर ऐटीत चाटला. पुढचं व्याख्यान झालंच नाही. जीभ बाहेर काढून सर नुसते हात हलवत होते, आणि मुलांना वाटलं हा डेमॉन्स्ट्रेशनचाच भाग आहे. दोघांनी वहीत चित्रही काढलं.

शेजारच्या कारखान्याचा वॉचमन धावत आला. नाल्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, या पाण्यात आम्ही हात पण धुवत नाही."

मी तिथूनच प्रदूषण मंडळाला फोन लावला, तक्रार केली. पलीकडून विचारलं, "पाण्याचं सॅम्पल आणलंय का?" मी म्हटलं, "आमच्या हेडच्या जिभेवर आहे, पाठवू का?" फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सरांची जीभ बरी झाली आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, तुम्ही सगळं फार मनाला लावून घेता." नाला अजून तसाच वाहतोय.

•

आता प्रणाली. प्रणाली कोळी, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. राहणारी जासईची. वडील हिराजी खाडीत होडी घालतात, होडीवाला म्हणून गाव त्यांना नाखवा म्हणतं, आई बाजारात मासळी विकते. घरातली पहिली पदवीधर. बोलायला कमी, पण एकदा दगडाजवळ बसली की उठवावी लागते.

तिनं कोन गावाजवळ एका बुटक्या डोंगराच्या पोटात एक डाइक शोधला. जमिनीला भेग पडते, तिच्यातून मॅग्मा वर चढतो आणि तिथेच निवून दगडाची उभी भिंत होते, तो डाइक. हा जेमतेम एक रिक्षा आडवी मावेल इतका रुंद. पण त्यातले पायरॉक्सीन चिंचोक्याएवढे! आपल्या भागात असले टपोरे स्फटिक मी तरी पाहिले नव्हते. हा मॅग्मा आला कुठून, आणि सह्याद्रीतल्या कुठल्या थराला यानं लाव्हा पुरवला, हा तिचा विषय.

विषय मंजूर करायला कमिटी बसली. एक गृहस्थ, ज्यांचा दगडाशी संबंध फक्त बंगल्याच्या फरशीपुरता, त्यांनी विचारलं, "यातून समाजाला काय मिळणार?"

प्रणाली खाली बघून म्हणाली, "अजून माहीत नाही, सर."

खरं बोलली पोरगी. आणि हे खरं बोलणं त्यांना इतकं खटकलं, की विषय पुढच्या बैठकीपर्यंत लटकला. तेवढ्यात जो मुलगा 'समाजाच्या सर्वांगीण विकासाला हातभार' असं घोकून आला होता, तो चहा यायच्या आत पास झाला. त्याचा विषय काय होता ते त्यालाही आज सांगता येणार नाही.

•

या किश्शावर माझा खरा संताप आहे, तेव्हा जरा सावकाश सांगते.

स्फटिकात काय किती आहे हे मोजायला प्रोब नावाचं यंत्र लागतं. इलेक्ट्रॉनचा बारीक झोत स्फटिकावर सोडायचा आणि उत्तर घ्यायचं. ते यंत्र आमच्याकडे कुठून असणार? लांबच्या एका मोठ्या संस्थेत आहे, आणि तिथे नंबर लागता लागत नाही. त्यासाठी दगडाचा केसाहून पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि वरून घासून घासून आरशासारखा करायचा. नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या स्लाइडवर वरून आणखी एक काच लावतात. प्रोबच्या स्लाइडवर ती चुकूनही लावायची नाही, कारण झोत त्या काचेवरच अडतो.

प्रणालीनं अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घासण्यात घालवली. बोटांची सालं निघाली. कोनच्या त्या डाइकच्या स्लाइड डब्यात लावल्या आणि मामेबहिणीच्या हळदीला चार दिवस घरी गेली.

तेवढ्यात कॉलेजात तपासणी आली. सावंत सरांनी लॅबच्या म्हात्रेमामांना सांगितलं, "सगळ्या स्लाइड एकसारख्या दिसल्या पाहिजेत." मामा सांगितलेलं काम नीट करणारा माणूस. त्यांनी प्रणालीच्या डब्यातल्या सगळ्या स्लाइडवर काचा चिकटवल्या. त्याही पक्क्या डिंकानं, जो एकदा सुकला की सुटत नाही. एक स्लाइड कोपऱ्यात तडकलेली होती, ती तपासणीला बरी दिसणार नाही म्हणून काच न लावताच कचऱ्यात टाकली. मग डबा छान टेप लावून बंद केला, वर पोरीचं नाव लिहिलं.

प्रणाली परत आली. कचऱ्याच्या डब्यात आपली तडकलेली स्लाइड दिसली, म्हणून उचलून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. बंद डबा घेऊन गाडीत बसली.

तिसऱ्या दिवशी मला त्या संस्थेतून फोन. यंत्र चालवणारे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला काचेचं अनॅलिसिस करायचंय का?"

काचा सोडवायला गेलं तर खालचा काप सोबत निघत होता. रुमालातली ती तडकलेली एकच स्लाइड प्रोबमध्ये गेली. इतक्या लांब जाऊन, इतके दिवस थांबून, एक स्लाइड.

मी मामांवर ओरडले. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, धूळ बसते म्हणून लावतो ना आपण नेहमी." मग मी सावंत सरांच्या केबिनमध्ये गेले. सर खुशीत होते. तपासणीवाल्यांनी शेरा दिला होता, 'स्लाइड अत्यंत नीटनेटक्या.' मी म्हटलं, "सर, या शेऱ्याची फ्रेम करा. एका पोरीचं वर्ष त्यात बसवलंय तुम्ही." त्यावर सर काय म्हणाले असतील ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

•

पण त्या एका स्लाइडनं जे दाखवलं ते बघून मी खुर्चीतून उठले होते. स्फटिकाच्या मधोमध मॅग्नेशियम भरपूर, मग कडेकडे कमी कमी होत जातं. इथपर्यंत नेहमीचं. मग मध्येच एक पट्टा, जिथे ते एकदम पुन्हा चढतं, आणि सोबत क्रोमियमही. मग परत उतार. म्हणजे अर्धवट निवलेल्या मॅग्म्यात खालून नवा, कढत मॅग्मा घुसला होता. असा पट्टा आसपासच्या कुठल्याही दगडात आम्हाला मिळाला नव्हता. हा दगड शंभरात ओळखू आला असता.

पण एका स्लाइडवर थिसिस होत नाही. नवे तुकडे आणायला आम्ही दोघी हातोडा घेऊन कोनला गेलो.

रिक्षावाला पत्ता चुकला असं मला वाटलं. समोर पत्र्याचं कुंपण, आत सपाट मैदान, त्यावर एक जेसीबी. प्रणाली कुंपणाच्या फटीतून बघत राहिली. मग मीच गेटवर गेले. डोक्यावर गॉगल चढवलेला एक सुपरवायझर आला. मी विचारलं, "इथला डोंगर कुठे गेला?"

"कुठला डोंगर, मॅडम? इथं डोंगरच नव्हता."

मी फोनवर फोटो दाखवला. डाइकसमोर प्रणाली उभी, शेजारी मापासाठी टेकवलेला हातोडा, मागे अख्खा डोंगर. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. म्हणाला, "फोटो मस्त आलाय. दुसरीकडचा असेल."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी हातोडा दाखवून बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही. प्रणालीनं मला हाताला धरून रिक्षात बसवलं. साडेसहा कोटी वर्षं तो दगड तिथे उभा होता, आणि हा माणूस दात कोरत सांगतोय, नव्हताच.

•

सावंत सरांचा सल्ला: "विषय बदला. समुद्रावरची वाळू घ्या. वाळू कुठे जात नाही."

वाळू कुठे जात नाही! हा माणूस जिऑलॉजीचा हेड आहे.

•

प्रणाली घरी गेली ती आठवडाभर आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, इकडे वेगळंच चाललंय." जासईला खाडीच्या तोंडाशी, जिथे तिचे वडील आणि आणखी काही जण होड्या लावतात, तिथे रात्रीतून भराव पडला होता. कंटेनर यार्ड वाढवायचं होतं म्हणे. मोठाले धोंडे टाकून पाणी आत यायची वाटच बुजवली होती. होडी बाहेर काढता येत नव्हती, आणि काढून करणार काय, मासळी आत येणार कुठून? हिराजी नाखवा रोज सकाळी जाऊन त्या धोंड्यांकडे बघत बसायचे आणि दुपारी घरी यायचे.

त्या दिवशी ती वडिलांना जेवायला बोलवायला गेली. ओहोटी होती. धोंडे चिखलानं माखलेले. एका धोंड्याच्या फुटलेल्या कडेला तिला काहीतरी काळं, टपोरं दिसलं. ती खाली बसली, पदरानं चिखल पुसला, आणि सवयीनं वाकून दगड चाटला.

वडील बघतच राहिले. म्हणाले, "अगो, काय करतंस? घरान म्हावरा शिजलाय, न तू दगर चाटतंस?"

तिनं मान वर केली. चिंचोक्याएवढे स्फटिक चमकत होते. तिचा डाइक. कोनहून उचलून बापाच्या होडीच्या जागेवर आणून ओतलेला.

मला फोनवर हे सांगताना ती रडत होती. तोपर्यंत ती कधी रडली नव्हती, स्लाइड गेल्या तेव्हाही नाही, डोंगर गेला तेव्हाही नाही. आणि मी इकडे एवढ्या मोठ्यानं ओरडले की स्टाफरूममधले धावत आले.

•

त्या धोंड्यांचे काप म्हात्रेमामांनी स्वतः काढले. डब्यावर लाल स्केचपेननं लिहिलं, 'काच लावू नये', आणि ज्या दिवशी डबा गेला त्या दिवशी बस स्टँडपर्यंत हातात घेऊन सोडायला गेले. सगळ्या स्लाइडमध्ये तेच निघालं. मधोमध मॅग्नेशियम, उतार, मग तो पट्टा, क्रोमियमसकट, मग परत उतार. एकावर एक आलेख ठेवले तर रेघा वेगळ्या करता येत नव्हत्या.

गावकऱ्यांनी भरावाविरुद्ध अर्ज केला होता, त्याची सुनावणी लागली. मी सावंत सरांना म्हटलं, डिपार्टमेंटतर्फे चला. ते म्हणाले, "कॉलेजचं नाव यात नको." मी रजा टाकली आणि नाव न घेता गेले.

सुनावणी घेणारे साहेब तसे तरुण होते, ऐकून घेणारे. एका बाजूला हिराजी नाखवा आणि गावची मंडळी, पांढरे सदरे घालून आलेली. दुसऱ्या बाजूला कोण असावं? तोच, डोक्यावर गॉगलवाला. एकाच मालकाची दोन्ही कामं. त्याचं म्हणणं साधं होतं. "साहेब, आम्ही भराव टाकलाच नाही. ते दगड पहिल्यापासून खाडीतलेच आहेत."

म्हणजे कोनचा डोंगर कधी नव्हताच, आणि जासईचे दगड कायमचे होतेच. मी उठायला लागले तर प्रणालीनं माझा हात दाबून मला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

जी कमिटीपुढे खाली बघून जेमतेम एक वाक्य बोलली होती, ती बोलली. चकलीच्या घाण्यापासून सुरुवात केली. पट्टा दाखवला, क्रोमियम दाखवलं, खाडीतल्या धोंड्यांचे आलेख मांडले. खाडीच्या तळाला चिखल असतो, असा दगड तिथे तयार होत नाही, हा कोनच्या डाइकचा दगड आहे, एवढं सांगून थांबली.

गॉगलवाला हसला. "साहेब, दगड सगळे काळेच. दगडावर काय गावाचं नाव लिहिलेलं असतं?"

साहेबांनी विचार केला. म्हणाले, "तुमचं म्हणणं मला कळलं, ताई. खाडीतला दगड तुम्ही आणलात. पण तो कोनचाच आहे हे ताडून बघायला कोनचा दगड लागेल ना? तो कुठे आहे?"

"कोनला तर सपाट जमीन आहे," गॉगलवाला म्हणाला. "कुणीही जाऊन बघा."

हिराजी नाखवा पोरीकडे बघत होते. प्रणालीनं पर्स उघडली, रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि कोपऱ्यात तडकलेली ती स्लाइड साहेबांच्या टेबलावर ठेवली. "डोंगर पाडायच्या आधीची आहे, सर. तेव्हाच तपासली होती, संस्थेचा रिपोर्ट जोडलाय."

साहेबांनी ती दोन बोटांत उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काचेवर नखाएवढा करडा डाग. आरपार उजेड येत होता.

"हा काय आहे?"

"डोंगर आहे, सर."

कोणी हसलं नाही. साहेब तसेच बघत राहिले. तेवढ्यात मागून हिराजी नाखवा उठले, दोन पावलं पुढे आले आणि हात जोडून म्हणाले,

"सायेब, संबालून धरा. तेवराच रायलाय."